कल्हईचं कथिल शुद्ध आहे का, हे वितळण्यावरून कळतं का?

काळीमाती (वणी तालुका)
कल्हईवाल्याकडे कथिलाच्या दोन कांड्या आहेत. म्हणतो, स्वस्तवाली पटकन वितळते म्हणून चांगली बसते. पितळी गंजाला (पातेल्याला) आतून करायची आहे, त्यात आंबट वरण शिजतं. घरी तपासता येईल का?

पळीतला_रस
भाऊ, पटकन वितळते हीच शंकेची जागा, त्यात शिसं मिसळलेलं असू शकतं. शुद्ध कथिल २३२ अंश सेल्सियसला वितळतं, शिसं ३२७ ला. पण दोन्ही मिसळले की वितळणं कथिलाच्याही खाली सुरू होतं. ६२ टक्के कथिल, ३८ टक्के शिसं असलं की १८३ लाच पाणी. रेडिओवाल्याचं सोल्डर (तारा जोडायचा धातू) म्हणजे साधारण हेच.

अंगणात लोखंडी पळीत शंभरेक ग्रॅम वितळवा. के-टाइप प्रोबवाला (तापमान मोजणाऱ्या तारेचा) मल्टिमीटर घ्या, प्रोब मधोमध बुडवा, तळाला टेकवू नका. जाळावरून काढा आणि दर दहा सेकंदांनी आकडा लिहा. चढताना नाही, थंड होताना मोजायचं. चढताना तळ आणि मधला भाग यांत फार फरक पडतो. शुद्ध असेल तर आकडा २३२ जवळ बराच वेळ अडून बसतो. कधी आधी थोडा खाली घसरून परत वर येतो, घाबरू नका. शिसं असेल तर रस आधी लापशीसारखा होतो आणि दुसरा थांबा १८३ ला येतो.

पळी कोरडी ठणठणीत हवी. पाण्याचा थेंब रसाखाली गेला तर वाफेने सगळं तोंडावर उडतं. ही पळी परत स्वयंपाकात नको.

नवसागर
लेझरवाली तापमान-बंदूक वापरू नका, चकचकीत धातूवर ती फारच कमी दाखवते. मीटर नसेल तर कांडी कागदावर घासा : शिसं जास्त असलं की करडी रेघ उठते. बारीक कांडी कानाजवळ वाकवली तर शुद्ध कथिल कुरकुरतं, शिशाने तो आवाज दबतो. पण आवाज आला नाही एवढ्यावरून निकाल देऊ नका. शंका राहिली तर ती कांडी गंजाला लावूच नका, आंबटात शिसं उतरतं.

पळीतला_रस
बरोबर. अन् चांगल्या कल्हईचंही एक : रिकामा गंज पऱ्हाटीच्या जाळावर ठेवू नका. पाणी असेपर्यंत तळ शंभराच्या आसपास राहतो, कोरडा झाला की २३२ कधी ओलांडतो कळत नाही आणि कल्हई गोळे होऊन सरकते. फोडणी वेगळ्या लोखंडी कढल्यात करा.

 

काळीमाती
हाव, मीटर आणतो. महाग कांडीही सोबतच मोजतो.