चर्चा: लोकसंगीताच्या बैठकीला तिकीट लावावं का?

वाळव्याची लेक (धागा सुरू)

सांगलीत आमच्या भागातल्या देवळाच्या सभामंडपात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लोकसंगीताची बैठक होते. मी शाळेत होते तेव्हापासून ती चालू आहे, आणि आता माझी मुलगी तिथं पुढच्या सतरंजीवर जागा धरून बसते. गोंधळ, जागरण, धनगरी ओव्या, कलगी-तुऱ्याची, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जवाबाची, भेदिक शाहिरी, भारूड, सोंगी भजन, हलगी-घुमकं-कैताळ ही वाद्यं, सगळं या मंडपानं ऐकलंय. २०१९ च्या महापुरात मंडपात पाणी आलं, गाळ साचला, तरी पाणी उतरल्यावर गाळ उपसून बैठक पुन्हा सुरू झाली. अजून प्रवेश फुकट आहे.

गेल्या आठवड्यात मंडळाच्या सभेत सूचना आली की माणशी ५० रुपये तिकीट लावावं. यावरून सभेत बरीच वादावादी झाली आणि निर्णय पुढच्या सभेवर गेला. मी तिकिटाच्या बाजूची आहे.

बैठक फुकट आहे असं आपण अभिमानानं सांगतो. ती ऐकणाऱ्याला फुकट आहे. तिचा खर्च कलाकार सोसतो. कवठेमहांकाळ-आरेवाडीकडून गजी मंडळ, म्हणजे ढोलाच्या तालावर धनगरी नाच करणारी मंडळी, येतं तेव्हा ढोल, कैताळ आणि पंधरा-वीस माणसं टेम्पोत घालून आणावी लागतात. आपण देतो त्या पाकिटातून टेम्पोचं भाडं भागतं, वाटून घ्यायला काही उरत नाही. यातले बरेच जण रोजंदारीवर जातात. शनिवारी लवकर निघायचं म्हणून खाडा पडतो, तोही त्यांच्याच अंगावर.

मागच्या बैठकीला पावसाळी हवा होती. हलगीचं कातडं सैल पडलं होतं. मंडपामागं दोघं जण कागद आणि वाळका पाला पेटवून हलगी शेकत होते. विस्तवावर धरायची, फिरवायची, बोटानं टिचकी मारून बघायची, आवाज बसका लागला की पुन्हा धरायची. त्याच वेळी आत माईकवर सांगितलं जात होतं की ही मंडळी पैशासाठी वाजवत नाहीत, कलेची सेवा करतात. बाहेर त्यांच्यातल्या थोरल्यानं मला विचारलं, "ताई, पाकीट आजच मिळंल का? परतीला डिझेल टाकायचंय."

पठ्ठे बापूराव आपल्या रेठरे हरणाक्षचे. कुलकर्णीपण सोडून तमाशात गेले, आख्खा महाराष्ट्र त्यांच्या लावणीवर डोलला आणि १९४५ साली ते गेले ते हलाखीत. त्यांची नुसती आठवण काढून आपलं काम संपत नाही. आज आपल्या मंडपात येणाऱ्या माणसाला आपण काय देतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

हळदपेठ

ताई, कलाकाराला चांगले पैसे मिळावेत याबद्दल दुमत नाही. पण तिकिटाला माझा ठाम विरोध आहे.

या बैठकीला येतं कोण ते बघा. मार्केट यार्डातले हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया, नदीकाठच्या गल्ल्यांतली पोरं, दर्शनाला आलेली आणि ऐकत थांबलेली म्हातारी माणसं. घरातली पाच माणसं आली तर अडीचशे रुपये. ते दारातूनच परत फिरतील, आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही.

शिवाय ही माणसं गेली तर कार्यक्रमच बदलेल. जागरणात वाघ्यानं "सदानंदाचा" म्हटलं की "येळकोट" समोरून यावा लागतो. गोंधळात दिवटीला तेल घालायला बाया उठतात, त्यातली एखादी पदराची गाठ सोडून नाणं ठेवते. तिचा त्या रात्रीत वाटा असतो. ५० रुपये भरून खुर्चीवर बसलेला माणूस टाळ्या चांगल्या वाजवेल, पण दिवटीला तेल घालायला उठणार नाही. कारण त्यानं पैसे दिलेत, आता समोरच्यानं करून दाखवायचं, असं त्याच्या डोक्यात असतं.

कवलापूर रस्ता

तिकीट म्हणजे लोककलेचा अपमान, असा सूर सभेत निघाला होता. आमच्या कवलापुरात वाढलेल्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं. शिवा-संभांचा तमाशाचा फड इथला, पुढं काळू-बाळूंनी तो नावारूपाला आणला. तमाशाचा खेळ दोन तऱ्हेनं व्हायचा आणि आजही होतो. एक तंबूतला, कनात लावून, तिकीट काढून. दुसरा यात्रेतला, तिथं गाव वर्गणी काढतं, फडाला सुपारी देतं आणि मग पंचक्रोशीनं यावं आणि बघावं. दोन्हीकडं फडमालकाला आधी ठाऊक असतं की आज किती मिळणार. दोन्हीकडं माणूस तितकाच रंगतो. तंबूत तिकीट काढून बसलेला गडी शिट्ट्या मारत नाही आणि सोंगाड्याला उलट उत्तर देत नाही, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा तंबूत बसून बघावं.

म्हणून हळदपेठ, तुमचा दुसरा मुद्दा मला पटत नाही. पहिला पटतो.

तंबोऱ्याचं गाव

मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. मोठमोठे गवई येतात, हजेरी म्हणून गातात. कुणी तिकीट विचारत नाही, कुणी बिदागी मोजत नाही, अंगणात कुणीही येऊन बसतं. हे आपल्या जिल्ह्यातच चालतं. मग लोकसंगीताला का चालू नये? सगळ्याच गोष्टी पैशात मोजायला लागलो तर सेवा हा भावच संपेल.

वाळव्याची लेक

@तंबोऱ्याचं गाव, दर्ग्यातल्या हजेरीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिथं हजेरी लावणाऱ्या गवयाला बाकी वर्षभर मैफली असतात, शिष्य असतात, त्यांची बिदागी असते. तो स्वतःच्या मनानं एक रात्र अर्पण करतो. आमच्या मंडपात येणाऱ्या संबळवाल्याला लग्नसराई सोडली तर दुसरं काही नाही, आणि आता लग्नातही डीजे आला. ज्याच्याजवळ द्यायला आहे त्यानं दिलं तर ती सेवा. ज्याच्याजवळ नाही त्याच्याकडून आपण घेतलं, तर त्याला सेवा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

सरकारचं ज्येष्ठ कलाकारांचं मानधन आता महिन्याला ५००० रुपये झालंय, ते चांगलंच आहे. पण ते उतारवयात, कागदपत्रं पुरी करणाऱ्याला. ऐन उमेदीत वाजवणाऱ्या पोरानं काय करायचं?

वाटेगावचा

बराच वेळ वाचतोय. आता लिहितो, थोडं लांबेल.

सेवा आणि परंपरा हे शब्द हलगीच्या बाबतीत वापरताना जरा थांबा. हलगी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. गावात लग्न असो, मयत असो, देवाची पालखी असो, दवंडी असो, मांगवाड्यात निरोप यायचा आणि निघावं लागायचं. जमणार नाही म्हणायची सोय नव्हती. वाजवून झाल्यावर मिळायचं ते सुगीतलं बलुतं, आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. देवळापुढं वाजवायचं आणि देवळाच्या पायरीवर चढायचं नाही, हीही परंपराच होती. कितीतरी घरांनी हलगी खुंटीला टांगली ती कला नकोशी झाली म्हणून नाही, त्या हलगीबरोबर येणारं जिणं नको म्हणून. १९५८ च्या कायद्यानं गावकीची कनिष्ठ वतनं, म्हणजे गावची कामं करायची वंशपरंपरेची बांधिलकी, गेली, तेव्हा कुठं नाही म्हणायची कायदेशीर सोय झाली.

म्हणून आज जो पोरगा स्वतःच्या हौसेनं हलगी हातात घेतो, त्याला "तू पैशासाठी वाजवत नाहीस" असं माईकवरून कुणी सांगू नये. तो पैशासाठीही वाजवतो आणि जीव ओतूनही वाजवतो. ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला आपण असं कधी म्हणत नाही.

आपल्या बैठकीत अण्णा भाऊंच्या तसबिरीला हार घालतात. अण्णा भाऊ, अमर शेख, गव्हाणकर या शाहिरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं ते कष्टकऱ्याच्या हक्कासाठी. त्या तसबिरीखाली वाजवणाऱ्याचं पाकीट किती जाडीचं असावं हे कार्यक्रम संपल्यावर, उरलेल्या पैशातून ठरतं. मला हे सहन होत नाही.

आता तिकिटाचं. ताई, मी तुमच्या बाजूचा आहे, पण तिकिटाच्या बाजूचा नाही. आज तुम्ही म्हणता, तिकिटाच्या पैशातून बिदागी देऊ. पाऊस पडला, परीक्षा आल्या, क्रिकेटची मॅच असली, गर्दी ओसरली, की त्या महिन्याच्या माणसाचे पैसे कमी. म्हणजे धोका पुन्हा कलाकाराच्याच डोक्यावर. आधी बिदागी ठरवा. किती, केव्हा, भाडं वेगळं की त्यातच, हे बोलावतानाच सांगा आणि निम्मे पैसे निघायच्या आधी त्याच्या खात्यावर टाका. फडाला सुपारी देतात तशी. ती रक्कम मंडळानं तिकिटातून काढावी, वर्गणीतून काढावी की आणखी कुठून, तो मंडळाचा प्रश्न. कलाकाराला त्यात ओढू नका.

हळदपेठ

@वाटेगावचा, दादा, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. बिदागी आधी ठरवायची, याला माझा पूर्ण पाठिंबा.

पैसे कुठून आणायचे यावर मला गोंधळाचीच रीत आठवते. लग्नानंतर घरात गोंधळ घालतात तेव्हा खर्च यजमानाचा, आणि अंगणात येऊन बसायला सगळी आळी मोकळी. दर महिन्याला एक यजमान ठेवू. एखादं घर, चार दुकानदार मिळून, एखादा बचत गट. वर्षाचे बारा यजमान आपल्या भागात नक्की मिळतील.

कवलापूर रस्ता

यजमान मिळतील, पण त्याच्यामागं फ्लेक्सही येईल. मग सत्कार, शाल-श्रीफळ, दोन शब्द, आणखी दोन शब्द. दीड तासाच्या कार्यक्रमात अर्धा तास यातच जातो हे आपण पाहिलेलं आहे. भारुडाचं सोंग लावून बिचारा कलाकार रंगवलेल्या तोंडानं घामाघूम होत विंगेत उभा असतो आणि इकडं नारळांचं वाटप चालतं. तिकिटाच्या पैशाला निदान भाषण करायची हौस नसते.

हळदपेठ

फ्लेक्स नाही, भाषण नाही, नाव फक्त फळ्यावर खडूनं. ही अट आधीच घालायची. ज्याला पटेल तो यजमान होईल.

तुणतुणं_कराड

मी कराडचा, शिकायला सांगलीत असतो, गोंधळी घरातला आहे. सगळे पैशावर बोलताहेत, ते योग्यच आहे. पण आमची आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे वेळ.

गोंधळ रात्रभराचा. चौक मांडायचा, घट बसवायचा, मग गण, मग एकेका देवाला गोंधळाला यायचं आवतण. त्यातच ऐकणाऱ्याचं मन बसायला लागतं. त्यानंतर आख्यान, मध्येमध्ये संपादणी, म्हणजे गमतीचे संवाद, आणि पहाटे आरती. बैठकीत आम्हाला सव्वा तास मिळतो. मग आवतण दोन कडव्यांत उरकायचं आणि लोकांना ठाऊक असलेली, टाळ्या मिळवणारी चार पदं घ्यायची. माझ्या वडिलांना आख्खी आख्यानं तोंडपाठ आहेत, ती सबंध म्हणायची वेळच येत नाही. मला त्यातली निम्मीसुद्धा पुरी येत नाहीत, कारण मीही त्यांच्या तोंडून ती तुकड्यातुकड्यानंच ऐकलीत.

रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर आणि वाद्यं बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा भाग आहे. शेजारच्या आजारी माणसाचा विचार केला तर ते बरोबरच आहे. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस सणावारांत संपतात. बंदिस्त सभागृहात मात्र आवाज बाहेर न जाऊ देता रात्रभर बसता येतं. म्हणून माझी विनंती आहे की महिन्याची बैठक मंडपातच, फुकटच राहू द्या, आणि वर्षातून दोन रात्री सभागृह घेऊन पुरा गोंधळ, पुरं जागरण ठेवा. सभागृहाला भाडं लागतं, तेव्हा त्या दोन रात्रींना तिकीट लावा. ज्याला रात्रभर बसायचंय तो पैसे देईल. मी विद्यार्थी आहे, मीही देईन.

तंबोऱ्याचं गाव

हे पटलं. पुऱ्या रात्रीसाठी तिकीट असायला माझी हरकत नाही. दर महिन्याला नको.

वाळव्याची लेक

@तुणतुणं_कराड, वडिलांची आख्यानं निदान मोबाईलवर तरी ध्वनिमुद्रित करून ठेवायला आजपासून लाग बाबा, सभेची वाट बघू नकोस. आणि पुऱ्या रात्रीची सूचना मी तुझ्या नावानं मांडते, तू ये.

@वाटेगावचा, दादा, तुमचा क्रम मी घेते: आधी बिदागी ठरवणं, मग पैसे कुठून ते बघणं. पण तिकीट मी सोडलेलं नाही. यजमान दोन-चार महिने उत्साहानं मिळतील, ऐन पावसाळ्यात एखादा महिना रिकामा जाईल, तेव्हा मंडळ पुन्हा पाकीट पातळ करेल. तिकिटाची सवय एकदा लागली की निदान निम्मा खर्च खात्रीचा होतो. ज्यांना जमत नाही त्यांना दारात कुणी अडवणार नाही, अशी सोय ठरावातच लिहिता येईल. चपलांच्या स्टँडशेजारी डबा ठेवायचा, समोर कुणी वही घेऊन बसायचं नाही.

हळदपेठ

दारात डबा दिसला की ज्याच्या खिशात नाही तो बिचकतोच, वही असो नसो. माझी आई अशीच बिचकायची.

ताई, तिकिटाच्या ठरावाला मी सभेत विरोधच करणार. बिदागी आधी ठरवून निम्मे पैसे आधी देण्याच्या ठरावाला माझं अनुमोदन लिहून ठेवा, आणि पुढच्या महिन्याच्या गजी मंडळाच्या टेम्पोचं भाडं आमच्या घराकडून. नाव फळ्यावर नको.