दोन फुटी पाईप लावून बोल्ट तोडायला शिकवू नका

बार्देशकर
काल इथे एकाने लिहिलं : "बोल्ट सुटत नाही म्हणजे मनगटात दम नाही. पान्याला दोन फुटी पाईप अडकवा, बंपरला पाय टेकवा आणि एक झटका द्या. बाकी सगळे चोचले." खाली शाबासकीची रांग. कोणी तरी नवशिका पोर हे वाचून उद्या बापाच्या गाडीवर करून बघेल, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या चवथीआधी माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या थंडाव्याच्या पाण्याची झडप, बदलायचा होता. गाडी १२ वर्षांची, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या झाकणाला ८ एमएमचे दोन बोल्ट. वरचा मुकाट सुटला. खालचा बॅटरीचा ट्रे आणि होज यांच्या बेचक्यात, हात जातो पण मनगट वळत नाही. मीही पाईपच लावला. बोल्ट हलला. अगदी मऊ हलला, ओल्या मातीत खुंटी फिरावी तसा. मला वाटलं सुटला. तो सुटत नव्हता, पिळत होता. पुढच्या क्षणी टक् झालं आणि डोकं गोटीत (सॉकेटमध्ये) राहिलं, बाकीचा बोल्ट इंजिनच्या हेडमध्ये.

आता हिशेब करा. साधा ८.८ ग्रेडचा ८ एमएमचा बोल्ट साधारण २५ न्यूटन मीटरला (पिळाच्या जोराचं माप) आवळतात. दोन फुटी पाईपच्या टोकाला ३० किलोचा जोर दिला की १८० होतात. इतक्यात तो बोल्ट चार वेळा तुटेल. पाईप लावल्यावर हाताला काही कळतच नाही, तोच त्याचा खरा दोष.

बोल्ट लोखंडी, झाकण आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मधे खारं पाणी. अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते, म्हणून आट्यांमध्ये ठासून बसते. माझ्या बोल्टच्या वॉशरभोवती ती पिठासारखी दिसत होती. मी बघितली आणि फडक्याने पुसून टाकली. तिथेच थांबायला हवं होतं.

आधी जागा करा. बॅटरी आणि ट्रे काढायला २० मिनिटं लागतात, तेवढी मी वाचवली आणि तीन दिवस घालवले. मग तेल, मग ऊब, मग आधी किंचित आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. पाव फेरा आवळा, अर्धा सोडा. मध्येच जड लागला तर परत तेल.

रॅचेटवाला
ते मीच लिहिलं होतं. नाव घेऊन बोला, घाबरत नाही.

फोंड्याला १९ वर्षं गराज चालवतो. तुमच्याकडे तीन दिवस होते, माझ्याकडे गिऱ्हाईक बाकावर बसून घड्याळ बघतं. तेल मारून उद्या या म्हटलं तर उद्या तो दुसरीकडे जातो. आणि बोल्ट गोल करतं कोण? तुम्हीच घरी करता. बारा कोनी स्वस्त रिंग पाना घेता, तो कोपऱ्यांवर घसरवता, ग्रिप प्लायरने चावता, आणि मग माझ्याकडे आणून म्हणता "बघा हो, जरा अडकलाय". आठवड्याला एक तरी येतो असा. सहा कोनी गोटी आणा आधी, मग मला शिकवा.

झटक्याचं म्हणाल तर झटका लागतोच. गंज हळूहळू ओढून तुटत नाही, ठोक्याने तुटतो. म्हणून तर ठोके देत फिरवणारी इम्पॅक्ट गन काम करते.

बार्देशकर
सहा कोनी गोटीचं मान्य. ठोक्याचंही मान्य. पण गनचे बारीक बारीक ठोके वेगळे आणि पाईपची एकच लांब ओढ वेगळी. तुम्ही लिहिलं पाईपबद्दल, समर्थन करताय गनचं. आणि त्या बेचक्यात गन शिरते कुठे? एक्सटेंशनचा दांडा आणि वर वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट लावला की निम्मा ठोका जॉइंटच खातो.

वास्कोचा फिटर
३० वर्षं बार्ज दुरुस्तीत गेली. मांडवीतल्या बार्जवरचे नट बघितले असते तर दोघेही गप्प बसला असता.

तेलावर एवढा भरवसा ठेवू नका. तो निळा-पिवळा डबा सगळे मारतात. डब्ल्यूडी-४० या नावाचाच अर्थ पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयत्न, १९५३ सालचा. तो ओल काढायला बनला. गंजात मुरणारं तेल वेगळं मिळतं, ते कंपनी स्वतःही वेगळ्या डब्यात विकते.

खरं काम उष्णतेचं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुलतं. १०० अंश तापवलं तर ८ एमएमच्या भोकात जेमतेम ९ मायक्रॉनचा फरक पडतो, पण तेवढ्याने भुकटीची पकड मोडते. तापलेला असताना मेणबत्तीचं टोक बोल्टच्या मानेला टेकवायचं. मेण वितळून आत ओढलं जातं. डोळ्यांनी दिसतं, कडेला थेंब उभा राहतो आणि एकदम नाहीसा होतो. तो नाहीसा झाला की समजायचं वाट मिळाली.

रॅचेटवाला
काका, बार्जवर गॅस पेटवता, ठीक. गाडीत बोल्टपासून चार बोटांवर पेट्रोलचा पाईप असतो. ज्योत लावायला सांगून लोकांची गाडी जाळणार का?

वास्कोचा फिटर
ज्योत असं मी कुठे लिहिलं? हॉट एअर गन लावा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कूलंट आधी काढून घ्या. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी उष्णता अजिबात नको. क्लोरीनवाला असेल तर तापल्यावर विषारी वायू होतो. हे गराजवाल्यांनाच आधी सांगायला पाहिजे.

कुशावती
सगळे बोल्ट काढायचं बोलताहेत, तो अडकून का बसतो ते कोणी बोलत नाही. माझ्या मते यातले निम्मे बोल्ट सर्व्हिस स्टेशनवर अडकतात. चवथीला गाडी चकाचक हवी म्हणून इंजिन प्रेशरने धुवून घेतलं होतं. दोन दिवसांनी गाडी सुरूच होईना, स्पार्क प्लगच्या खड्ड्यात पाणी. ते काढलं. पण पुढच्या वर्षी प्लग बदलायला गेले तर प्लगवरच्या कॉइलचे ६ एमएमचे तीनपैकी दोन बोल्ट हलेनात. आत पाणी साचून राहिलं होतं ना. आम्ही केप्याच्या बाजूला, समुद्र कुठल्या कुठे. खाऱ्या हवेला दोष देऊन चालणार नाही.

डिचोलीकर
बाय, मग धुवायचंच नाही का? आमच्याकडे खनिजाची लाल धूळ बॉनेटखाली बोटभर बसते. पावसाळ्यात तिचा चिखल होतो. तो वर्षभर ठेवायचा इंजिनावर? गाडी चालवणं वेगळं, उघडणं वेगळं.

कुशावती
ते दोन बोल्ट मी स्वतः काढले आहेत, माझ्या अंगणात, दोन संध्याकाळ खर्चून. उघडणं मला माहीत आहे. मी धुऊ नका म्हटलं नाही. प्रेशरने धुऊ नका म्हटलं. वाचून उत्तर द्या.

डिचोलीकर
बरं. शब्द मागे घेतो. पण प्रेशरशिवाय तो लाल चिखल निघत नाही हे मी रोज बघतो. पावसाने शंभर इंच गाठले की आमच्या गाडीचं खालचं अंग विटेसारखं दिसतं.

वास्कोचा फिटर
खालचं अंग प्रेशरने धुवा, वर नको. किनाऱ्याकडच्या गाड्या तर गोड्या पाण्याने धुतल्याच पाहिजेत. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पाऊस नसला तरी बोल्ट ओलाच राहतो. ओल्या वाळूवरून गाडी फिरवून आणणारे आणि तशीच उभी करणारे, त्यांच्या गाडीचा एकही नट सरळ निघत नाही.

रॅचेटवाला
आता धुण्याचा विषय निघालाच आहे तर तो डिझेलचा फवारा बंद करा. धुऊन झालं की खालून काळं डिझेल मारतात, चमक येते, गिऱ्हाईक खूश. महिन्याभरात सगळी धूळ त्यावर चिकटते आणि सस्पेन्शनचे रबर फुगून मऊ पडतात. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा बुश बोटाने दाबला तर आत गेला, शिळ्या चण्यासारखा. त्याचे पैसे लावले तेव्हा मालक माझ्यावरच ओरडला. फवारा मारणाऱ्याला कोणी विचारत नाही.

डिचोलीकर
तो फवारा गंजापासून वाचवतो. माझे वडील टिपर चालवायचे, वर्षानुवर्षं मारायचे.

रॅचेटवाला
टिपरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्याला मारायचे. छोट्या गाडीच्या बुशला नाही. वडिलांचा अनुभव खरा, तुम्ही तो चुकीच्या ठिकाणी लावताय.

बार्देशकर
अहो, बोल्टवर या कोणी तरी. मूळ प्रश्नाला कोणी हात लावत नाही आणि डिझेलवर भांडण पेटलंय.

रॅचेटवाला
तुमच्याच बोल्टचं सांगा मग. हेडमध्ये तुटलेला तुकडा काढला कसा?

बार्देशकर
आधी स्वतःच वाईट करून ठेवला. मधोमध भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटका बोल्ट ओढून काढायचा उलट्या आट्यांचा खिळा, फिरवला, तोही आत तुटला. तो इतक्या कडक पोलादाचा असतो की साधा ड्रिल त्यावर नुसता घसरतो. शेवटी म्हापशाच्या एका वेल्डरने तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरलं. नट लाल झाला, थोडा निवला, आणि साध्या रिंग पान्याने पाव-पाव फेऱ्याने बाहेर आला. मी शेजारी उभा होतो. त्याने एकदाही जोर लावला नाही. लाल झालेला नट बघून तो नुसता थांबला होता.

नवा बोल्ट बसवताना आट्यांवर कॉपर ग्रीस लावलं आणि आवळणं थोडं कमी केलं, कारण ग्रीसवर तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो.

रॅचेटवाला
वेल्डचा उपाय मीही करतो. एक्स्ट्रॅक्टर मात्र मी गराजमध्ये ठेवतच नाही, याच कारणाने.

आणि एक कबूल करतो, कारण कोणी तरी नवशिका वाचेल म्हणालात. मागच्या महिन्यात माझ्या पोराने, म्हणजे कामावरच्या, स्टार्टरचा वरचा बोल्ट पाईपने तोडला. गिअरबॉक्स उतरवावा लागला. गिऱ्हाइकाकडून एक पैसा घेतला नाही, सगळं माझ्या खिशातून गेलं. पोराने पाईप कोणाकडे बघून घेतला असेल ते मला कळतं.

ते पाईपवालं वाक्य काढून टाकतो. ६ आणि ८ एमएमपुरतं. चाकाच्या नटाला मी पाईपच लावणार, त्यावर कोणी मला काही सांगू नये.

कुशावती
चाकाच्या नटाला लावा. सोडताना. आवळताना नको, मागच्या वेळी तुमच्यासारख्याच एकाने आवळलेला नट मला पंक्चर झाल्यावर रस्त्यात सुटला नव्हता.

वास्कोचा फिटर
बार्देशकर, दुसरा बोल्टही काढून ग्रीस लावा. वरचा मुकाट सुटला म्हणता, पण त्यालाही १२ वर्षं झालीत.

बार्देशकर
तो तसाच लावलाय, काका. रविवारी बॅटरी काढतो.