मदत हवी आहे : नव्या एकांकिकांच्या संहिता आणि चर्चेची पद्धत

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये गंगापूर रोड परिसरात दरमहा एका नव्या एकांकिकेचं अभिवाचन आणि त्यावर चर्चा सुरू करतोय. वीसेक जण, बैठकीत एकच संहिता.

अडचण पहिली : स्पर्धेत गाजलेल्या कित्येक एकांकिका छापल्याच जात नाहीत. दिग्दर्शकाकडच्या प्रतीत तालमीतली काटछाट असते, म्हणून लेखकाचीच प्रत हवी आहे. दोन ते चार पात्रं, अर्धा-पाऊण तास. ज्यांचा सगळा डोलारा ब्लॅकआउट, संगीत आणि प्रकाशावर उभा आहे त्या नकोत; नुसत्या वाचनात त्या पडतात.

दुसरी अडचण मोठी. चर्चा ‘छान होतं’ आणि ‘शेवट कळला नाही’ यापुढे सरकत नाही. सध्या ठरवलंय ते असं : रंगसूचना (संहितेतल्या हालचाली, प्रवेश वगैरेंच्या सूचना) वेगळ्या वाचकाने वाचायच्या, नाहीतर त्या संवादात मिसळतात. मग पहिला प्रश्न, कोणाला काय हवंय आणि आडवं काय येतंय? विषयावर (शेती, जात, मोबाइल) लगेच उडी मारली की एकांकिका बाजूला राहते आणि भाषणं सुरू होतात. लेखक हजर असेल तर त्याने शेवटी बोलावं. आधी बोलला की बाकीचे भिडेपोटी गप्प. यापेक्षा चांगली पद्धत कोणी वापरतं का?

शिवाय, विनातिकीट अभिवाचनाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं राज्य सरकारचं मंडळ) प्रमाणपत्र लागतं का? आणि लेखकाला मानधन किती द्यावं? फुकट मागायचं नाहीये. संहिता सुचवताना पात्रसंख्या आणि पानं जरूर लिहा.