लेह-लडाख बजेट ट्रिप : लॅपटॉप न नेता कॅमेऱ्यातले फोटो कुठे ठेवायचे?

चिंचेचा_कोळ
मंडळी नमस्कार, थोडी मदत हवी आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला मी आणि मैत्रीण मनाली-केलाँगमार्गे लेहला चाललोय, एचआरटीसीची (हिमाचलची सरकारी) बस, पुढे नुब्रा आणि पँगाँगला शेअर टॅक्सी, राहायला होमस्टे. म्हणजे बजेट टाईट. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली मोठी फाईल) + जेपेग दोन्ही काढते आणि कार्ड एकच, ६४ जीबीचं. लॅपटॉप न्यायचा नाही हे नक्की. गुगलचे फुकटचे १५ जीबी जवळपास भरलेत. घरात १ टीबीची जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क पडून आहे, ती फोनला जोडून रोज रात्री फोटो टाकले तर चालेल का? की रोज क्लाऊडवर चढवू? खर्च ३ हजारांच्या आत बसवायचाय. फोटो गेले तर फार वाईट वाटेल म्हणून आधीच विचारतेय.

रानवाट
ताई, आधी हिशोब करू. २४ मेगापिक्सेलला एक रॉ साधारण २५ ते ३० एमबी आणि वर जेपेग १० एमबी धरा, म्हणजे एका क्लिकला ३५-४० एमबी गेले. लडाखात दिवसाला २०० फोटो सहज होतात, म्हणजे रोजचे ८ जीबी. तुमचं ६४ जीबीचं कार्ड आठवड्याभरात भरणार. व्हिडिओ काढणार असाल तर वेगळंच गणित, १०० एमबीपीएसचा ४के व्हिडिओ मिनिटाला ७५० एमबी खातो.

क्लाऊडचं डोक्यातून काढा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि ते असलं तरी लेह सोडलं की रेंजचा भरवसा नाही. समजा २ एमबीपीएस अपलोड मिळाला, तरी ८ जीबी चढायला ९ तास लागतात. होमस्टेच्या वायफायवर तर नकोच. फार तर रोजचे आवडलेले १०-१५ जेपेग लेहमध्ये असताना चढवा, बाकीचं घरी आल्यावर.

जागा वाचवायची असेल तर रॉ बंद करा, नुसते जेपेग काढा.

गडवाला_बाळू
रॉ बंद करा याला माझा विरोध आहे. तिथलं ऊन म्हणजे कडक, एकीकडे झळझळीत बर्फ नाहीतर पांढरी वाळू आणि शेजारी मॉनेस्ट्रीची काळीकुट्ट सावली, असल्या फोटोत जेपेगमधून सावलीतलं काही निघत नाही, रॉमधून निघतं. लोकांचे, जेवणाचे, बसमधले फोटो जेपेगमध्ये काढा, लँडस्केपला रॉ लावा, एका बटणाचं काम आहे.

आणि ती जुनी हार्ड डिस्क घरीच ठेवा, हे महत्त्वाचं. फिरत्या डिस्कमध्ये माहिती वाचणारं हेड फिरणाऱ्या प्लेटच्या वर हवेच्या पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की तो थर कमी पडतो आणि हेड प्लेटला घासू शकतं. बऱ्याच डिस्कच्या माहितीपत्रकात चालू अवस्थेत ३००० मीटरच्या आसपासचीच मर्यादा दिलेली असते. लेहच ३५०० मीटरवर आहे, पँगाँग ४२०० च्या वर. बंद डिस्क बॅगेत नेली तर काही होत नाही, पण तिथे रोज रात्री चालवायची म्हणजे जुगार. वर शेअर टॅक्सीचे धक्के. एसएसडी, पेन ड्राईव्ह, कार्ड यांच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यांना उंचीचं काही नाही.

चिंचेचा_कोळ
बाप रे, हार्ड डिस्कचं हे माहितीच नव्हतं, बरं झालं विचारलं. मग ३ हजारात नेमकं काय घेऊ? आणि फोनला जोडून कॉपी कसं करायचं, फोन टाईप-सी आहे, जागा ४० जीबी मोकळी आहे.

सावंतवाडीकर_मीना
अगं हे माझं दरवेळचंच आहे, मी पण लॅपटॉप नेत नाही. दोन जादा ६४ जीबीची कार्डं, एक १२८ जीबीचा टाईप-सी पेन ड्राईव्ह आणि एक साधा टाईप-सी कार्ड रीडर घे. एकच २५६ चं कार्ड घेऊ नकोस, ते हरवलं की सगळंच गेलं. स्वस्तात मोठ्ठं कार्ड मिळतंय म्हणून कुठलंही उचलू नकोस, नकली कार्डांवर २५६ लिहिलेलं असतं आणि आत त्याच्या पाव जागाही नसते, फोटो जातायत असं दिसतं आणि नंतर फाईल उघडतच नाही. घरी आणलं की कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून कार्ड पूर्ण भरून तपास, खराब निघालं तर परत करायला वेळ मिळतो.

रात्रीचं काम असं. कार्ड रीडर फोनला लाव. काही फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी (फोनला पेन ड्राईव्ह, रीडर जोडायची सोय) चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं, घरीच एकदा करून बघ. तारखेचं फोल्डर कर, म्हणजे २०२५-०९-०६ असं, मग आपोआप क्रमाने लागतात. आणि कॉपीच करायचं, मूव्ह नाही! मध्येच केबल हलली तर मूव्हमध्ये घोळ होतो. कॉपी झालं की फोल्डरचा साईझ दोन्हीकडे जुळतो का बघ आणि मधले चार-पाच फोटो मोठे करून उघड, नुसत्या थंबनेलवर विश्वास नको. नंतर फोनमधून पेन ड्राईव्हवर, तो आधी एक्सफॅट या फाईल साठवायच्या पद्धतीत फॉरमॅट करून घे आणि तुझा फोन तो वाचतो का ते घरी बघ. एफएटी३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीच्या वरची फाईल बसत नाही, लांब व्हिडिओ अडकतो. फोनमध्ये जागा कमी पडली की पेन ड्राईव्हवर गेलेले रॉ फोनमधून काढ.

सगळ्यात मोठी गोष्ट, भरलेलं कार्ड घरी येईपर्यंत फॉरमॅट करायचं नाही. बाजूचं लॉक खाली ओढायचं आणि आत ठेवून द्यायचं. म्हणजे कार्ड एक प्रत, पेन ड्राईव्ह दुसरी. पेन ड्राईव्ह तुझ्या मैत्रिणीच्या सॅकमध्ये, कार्डं तुझ्या कमरेच्या पाऊचमध्ये. दोन्ही एकाच कॅमेरा बॅगेत ठेवलीस तर बॅगेबरोबर दोन्ही जातील.

गडवाला_बाळू
मीनाताईंशी १००% सहमत. थोडी भर. चुकून फोटो डिलीट झाले तर त्या कार्डवर एकही नवीन फोटो काढू नका, कार्ड बाजूला ठेवा, घरी फोटोरेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने बरेचसे परत येतात. थंडीत कार्डाला काही होत नाही, बॅटरी मात्र पटापट उतरते, त्या रात्री पांघरुणात घेऊन झोपा. पँगाँगकडे होमस्टेमध्ये लाईट कधीकधी संध्याकाळचे काही तासच असते, त्यामुळे आधी बॅटऱ्या आणि फोन चार्जिंगला, कॉपीचं काम नंतर, तेव्हा फोन उतरला तर पॉवर बँकेवर चार्ज करा. आणि मैत्रिणीला मूळ फोटो व्हॉट्सॲपवर द्यायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे पाठवले की बारीक होतात.

चिंचेचा_कोळ
खूप खूप आभार सगळ्यांचे! कार्डं या शनिवारीच घेते म्हणजे तपासायला वेळ मिळेल. पोस्टपेड सिम मैत्रिणीचं आहे, तिच्या फोनवरून लेहमध्ये निवडक फोटो चढवू. एक राहिलंच, माझ्या कॅमेऱ्याचं ॲप ब्लूटूथने फोटो आपोआप फोनवर पाठवतं, तो बॅकअप धरायचा का?

रानवाट
नाही, ब्लूटूथने आपोआप येणारे बहुतेक वेळा २ मेगापिक्सेलचे छोटे असतात. घरच्यांना दाखवायला ठीक, प्रत म्हणून धरू नका. निघायच्या आधी ॲपची सेटिंग बघा, आणि कॅमेऱ्याची तारीख-वेळ पण बरोबर लावून घ्या.