मदत हवी आहे : लेकीची माँटू टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, पुढं काय करायचं?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो आम्ही. सासऱ्यांना फुप्फुसाचा टीबी निघालाय, औषधं सुरू आहेत, म्हणून डॉक्टरांनी आमच्या सात वर्षांच्या लेकीची माँटू टेस्ट (टीबीचे जंतू शरीरात शिरलेत का ते बघायची) करायला सांगितली. हातावर कातडीतच बारीक सुईनं टोचलं, मसुराएवढा फोड आला आणि लगेच बसला. आता लॅबवाला म्हणतो फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाका, पण मला ते पटेना, कारण लाल किती झालंय ते मोजतच नाहीत, बोटाला लागणारा कडक फुगवटा मोजतात आणि तोपण ४८ ते ७२ तासांतच, मग फोटोत ते कळणार कसं? शेवटी डॉक्टरांकडंच नेलं, त्यांनी पेनानं कडा आखून मोजलं तर १२ मिमी. एक्सरे क्लिअर आहे, खोकला ताप काही नाही, खेळतीय मस्त.

डॉक्टर म्हणतात जंतू शरीरात शिरलेत पण आजार नाही, तरी प्रतिबंधक गोळ्या द्या. आत्या म्हणतात लहानपणी बीसीजी (टीबीची लस) दिलीय त्यामुळंच फुगलंय, उगं पोरीला गोळ्या नकोत. बीसीजीनं तसं होतं हे खरंय, पण घरातच पेशंट असताना त्यावर विसंबायचं मला धाडस होईना, जीव नुसता टांगणीला लागलाय.

तुमच्यात कुणाच्या पोरांना या गोळ्या दिल्यात का? रोजच्या सहा महिन्यांच्या दिल्या की आठवड्यातून एकदाच्या? भूक, पोट, लिव्हरचा काही त्रास झाला? आणि इथल्या सीपीआर सरकारी दवाखान्यात लहान मुलांसाठी नेमकं कुठल्या विभागात जायचं तेवढं सांगा प्लीज.