मदत हवी आहे : देवळाली कॅम्पातील एमजी घ्यावी का? (रविवारपर्यंत उत्तर हवे)

तपोवनकर

नमस्कार. देवळाली कॅम्पातील एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजात कित्येक वर्षे ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली एमजी विकायला निघाली आहे. शाळेत असल्यापासून मला ही गाडी हवी होती, आणि आता ती घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर उभी आहे. मालकांनी रविवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायला सांगितले आहे, कारण पुण्याचा एक ग्राहकही मागे लागला आहे. पत्रा बऱ्यापैकी शाबूत आहे, पण लाकूड कुजले आहे. हे लाकूडकाम नाशिकमध्ये कोण करून देईल आणि त्याला साधारण किती वेळ लागेल, एवढाच माझा प्रश्न आहे. जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती, हा सल्ला कृपया कोणी देऊ नये. तो घरी रोज मिळतो.

सातपूरकर

एमजीच्या गाडीत लाकूड कुठे असते, हे मला समजले नाही. आमच्या शेजाऱ्यांकडे एमजीची हेक्टर आहे आणि मी तिच्यातून अनेकदा प्रवास केला आहे, पण लाकूड काही दिसले नाही. मॉडेल कोणते ते सांगितलेत तर बरे होईल.

जुनापाना

सातपूरकर, ही त्या कंपनीची सत्तरएक वर्षांपूर्वीची, इंग्लंडमध्ये बनलेली दोन आसनांची उघडी गाडी असावी, जिच्या पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा असतो आणि पत्रा त्या सांगाड्यावर खिळ्यांनी ठोकून बसवलेला असतो.

तपोवनकर, तुम्ही लाकडाचे विचारले आहे, पण लाकूड हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी काही गोष्टी कळल्या पाहिजेत. मॉडेल टीसी आहे, टीडी आहे की टीएफ? इंजिन फिरते की जाम आहे? आरसी बुक आहे का आणि ते कोणाच्या नावावर आहे? मूळ इंजिनावर अष्टकोनी पितळी बिल्ला असतो, त्यावर एक्सपीएजी ही अक्षरे आणि पुढे क्रमांक असतो. तो क्रमांक आरसीवरील क्रमांकाशी जुळतो का? आणि किंमत किती सांगितली आहे?

तपोवनकर

टीडी आहे, १९५१ ची, स्टिअरिंग उजवीकडे आहे. इंजिन माझ्यासमोर चालू करून दाखवले, आवाज उत्तम आहे. कागदपत्रे आहेत. किंमत येथे लिहिणार नाही, कारण पुण्याचे गृहस्थही हा धागा वाचत असतील. आता कृपया लाकडाविषयी बोलावे.

वाड्याचा_वारस

लाकडाची चिंता सोडा. आमच्या जुन्या नाशकातील वाड्याची दारे-खिडक्या ज्या सुतारांनी दुरुस्त केल्या, त्यांच्यासाठी हा सांगाडा फार अवघड नाही. मात्र नवे लाकूड अजिबात आणू नका. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया विकणारे लोक आहेत, त्यांच्याकडून पूर्ण मुरलेले सागवान घ्या. त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि ते पुन्हा फारसे आकसत नाही. जुना भाग कितीही कुजलेला असला तरी फेकू नका, कारण नवा भाग कापण्यासाठी तोच नमुना असतो. त्याचा आकार कागदावर उतरवून घेतल्याशिवाय सुताराच्या हाती देऊ नका.

घाटवळण

वाड्याचा वारस यांचा शेवटचा मुद्दा मान्य आहे, पण सागवानाचा सल्ला मला पटत नाही. मूळ गाडीत ॲश या झाडाचे लाकूड आहे आणि ते विचारपूर्वक निवडलेले आहे. या गाडीची चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, खड्ड्यांवर थोडी पिळवटते, त्या पिळाबरोबर सांगाडाही वाकला पाहिजे, आणि ॲश धक्का सोसून वाकते. सागाला अंगचे तेल असते, त्यामुळे सरस नीट धरत नाही आणि काही काळाने सांधे सुटतात. ॲशचे तयार कापलेले भाग इंग्लंडहून आजही मिळतात. खर्च होईल, पण दार लावल्यावर ते जागेवर बसेल.

वाड्याचा_वारस

सांध्याची जागा चिकटवण्यापूर्वी ॲसिटोनने पुसून घेतली की सागही सरस उत्तम धरतो. होड्या बांधणारे हेच करतात. शिवाय ॲशला वाळवी आणि बुरशी दोन्ही लागतात. गाडी नाशकात राहणार आहे, इंग्लंडमध्ये नाही. तुमचे मूळ लाकूड कुजले म्हणूनच हा धागा निघाला आहे, हेही लक्षात घ्यावे.

घाटवळण

सत्तर वर्षांनी कुजले, हेही लक्षात घ्यावे.

तपोवनकर, पुन्हा गाडी पाहायला जाल तेव्हा ही तपासणी अवश्य करा. टीडीची दारे मागच्या बाजूला बिजागरीवर असतात, म्हणजे दाराचे सगळे वजन मागच्या खांबावर येते. दार अर्धे उघडा, खालच्या कडेला हात लावून हलकेच वर उचला आणि नजर दारावर न ठेवता खांबावर ठेवा. बिजागरीची पिन तेवढी हलली तर काम किरकोळ आहे. दाराबरोबर खांब आणि त्यावरचा पत्राही हलला, तर खांब गेलेला आहे आणि चासीच्या कडेने जाणारी खालची आडवी पट्टीसुद्धा गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे. पट्टी तपासायला गालिचा उचलून तिच्यात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. मालकांची परवानगी घेऊनच, अर्थात.

आरामखुर्ची

मला वाटते, या सगळ्या वादावर उत्तम उपाय म्हणजे इंजिन काढून विद्युत मोटर आणि बॅटऱ्या बसवणे. परदेशात अनेक जुन्या गाड्यांचे असे रूपांतर झाले आहे. धूर नाही, तेलगळती नाही आणि गाडी रोज कॉलेज रोडला फिरवता येईल.

जुनापाना

आरामखुर्ची, हा प्रश्न कोणीही विचारलेला नाही आणि गाडीच्या कायदेशीर दर्जाच्या दृष्टीने याहून घातक सल्ला देता आला नसता. त्याविषयी खाली लिहितो, पण आधी तपोवनकरांनी उत्तर द्यावे. इंजिनाचा आवाज उत्तम होता, हे तुम्ही दोनदा सांगाल. पण बिल्ल्यावरचा क्रमांक एकदा सांगा. बॉनेटच्या दोन्ही बाजू उघडून फोटो टाका. कार्ब्युरेटर एक आहे की दोन, हेही पाहा. टीडीला एसयू कंपनीचे दोन असतात.

तपोवनकर

फोटो टाकले आहेत. बिल्ला नाही. कार्ब्युरेटर एकच आहे. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या वडिलांनी पूर्वी कधीतरी सोयीसाठी ॲम्बेसेडरचे इंजिन बसवून घेतले होते. मूळ इंजिन सुटे करून गॅरेजातच लाकडी खोक्यात ठेवले आहे आणि ते गाडीबरोबर मिळणार आहे. त्यामुळे मला ही फार मोठी अडचण वाटली नाही.

सातपूरकर

ॲम्बेसेडरचे इंजिन असेल तर उत्तमच झाले. माझ्या काकांकडे ती गाडी होती. सुटा भाग कुठेही मिळायचा आणि नाशिकच्या द्वारका चौकाच्या आसपास कोणीही मेकॅनिक डोळे मिटून दुरुस्त करून द्यायचा. शिवाय माझ्या वाचनानुसार १९५५ च्या एमजीए या गाडीत त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन होते. म्हणजे ते काही परके नाही. आहे ते राहू द्यावे आणि गाडी चालवावी.

जुनापाना

सातपूरकर, इंजिनाच्या घराण्याविषयी तुम्ही लिहिले ते बरोबर आहे आणि चालवायला ते मूळ १२५० सीसीच्या इंजिनापेक्षा अधिक दणकटही असेल. पण प्रश्न नात्याचा नसून नोंदीचा आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी ८१ए पासूनचे नियम आले. त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुने वाहन मूळ स्वरूपात असेल आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसतील, तरच त्याला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. ॲम्बेसेडरचे इंजिन किंवा आरामखुर्चींची विद्युत मोटर असताना हा अर्ज कोणत्या तोंडाने करणार?

आणखी एक प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ॲम्बेसेडरचे इंजिन टीडीच्या गिअरबॉक्सला सरळ बसत नाही. मग गिअरबॉक्स कोणता आहे? मूळ गिअरबॉक्स खोक्यात आहे का? आणि नवे इंजिन बसवताना चासीचा आडवा दांडा कापला आहे का? इंजिन परत बदलता येते. कापलेली चासी परत जुळवणे हे वेगळेच काम आहे.

पेठरोड

आरटीओच्या कामाचा थोडा अनुभव असल्यामुळे लिहितो. कागदपत्रे आहेत, असे तपोवनकर म्हणाले, पण कोणती हे सांगितले नाही. आरसी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर मालक आज तुम्हाला गाडी विकूच शकत नाहीत. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी झाली पाहिजे. बाकीचे वारस असतील तर त्यांचे ना हरकत लागेल. त्यानंतरच २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म भरून ती तुमच्या नावावर होईल. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६. गाडीचा क्रमांक जुन्या तीन अक्षरी मालिकेतील असेल, तर ती संगणकात सापडणार नाही. ज्या कार्यालयात मूळ नोंद झाली तेथील हस्तलिखित रजिस्टरात ती शोधून आधी बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागेल. मुंबईची गाडी असेल तर यासाठी नाशिकच्या आरटीओत, पेठ रोडवर, खेटे घालून उपयोग नाही, मुंबईलाच जावे लागेल.

तपोवनकर

आरसी बुकाची झेरॉक्स आहे, मूळ पुस्तक सापडत नाही. नाव वडिलांचे आहे, ते हयात नाहीत. एक बहीण परदेशात असते. क्रमांक मुंबईचा आहे. गिअरचा दांडा मधोमध आहे, पण त्याच्याभोवतीचा पत्रा वेडावाकडा कापलेला आहे. चासीचे उद्या पाहून सांगतो. नवी व्हिंटेज नोंदणी केली तर जुना क्रमांक जातो का? मला तो क्रमांक हवा आहे.

पेठरोड

आधीपासून नोंदलेल्या गाडीला मूळ क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला व्हीए ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. मात्र व्हिंटेज नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची असते. रविवारी सकाळी गंगापूर धरणावर मिसळ खायला जाणे यांपैकी कशात बसते, ते तुम्ही ठरवा.

आरामखुर्ची

पेट्रोलचाही विचार करावा. सध्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि ते जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा खाते. एसयू कार्ब्युरेटरच्या जेटभोवती बुचाच्या लाकडाच्या चकत्या असतात, त्याही बदलाव्या लागतील. विद्युत मोटरला यातले काहीच लागत नाही.

घाटवळण

पहिली तीन वाक्ये उपयुक्त होती.

तपोवनकर

चासी पाहून आलो. आडवा दांडा शाबूत आहे. नव्या इंजिनासाठी दोन पट्ट्या बोल्टने बसवल्या आहेत, वेल्डिंग नाही. मूळ गिअरबॉक्स खोक्यामागे गोणपाटात मिळाला. खोक्यात ब्लॉक, हेड, क्रँक, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि पिस्टन आहेत. बिल्ला ब्लॉकवरच आहे आणि क्रमांक झेरॉक्सशी जुळतो. दार उचलले तेव्हा डाव्या बाजूचा खांब दारासोबत चांगलाच हलला, उजव्या बाजूचा हलला नाही.

जुनापाना

मग माझे मत होकाराकडे झुकते, पण आता क्रम महत्त्वाचा आहे. मालकांशी लेखी करार करा की गाडी वारसाच्या नावावर झाल्यावरच उरलेली रक्कम दिली जाईल, आणि करारात चासी क्रमांक, खोक्यातील इंजिनाचा क्रमांक व गिअरबॉक्स यांचा स्पष्ट उल्लेख करा. असे खोके व्यवहारानंतर कुठेतरी राहून जाते. पुण्याचे गृहस्थ रोख देऊन आजच उचलत असतील तर उचलू द्या. वारसाची कटकट त्यांच्याही मागे लागणारच आहे.

इंजिनाचे हेड सर्वांत आधी तपासून घ्या, कारण या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकांमधल्या जागेत तडा गेलेला असू शकतो. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तडा शोधून देणारे आणि क्रँक ग्राइंड करणारे चांगले कारागीर आहेत. मात्र त्यांना एक गोष्ट बजावून सांगा. या इंजिनाचे बोल्ट वरून व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी पान्याच्या मापाचे आणि आटे मात्र मेट्रिक असा विचित्र मेळ आहे; त्यातही आठ मिलिमीटरच्या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, एक मिलिमीटर आहे, तर बाजारातल्या नेहमीच्या बोल्टचा सव्वा. कारागीर चांगल्या हेतूने त्याच भोकात बाजारातला आटे पाडायचा टॅप फिरवतो आणि ब्लॉकचे आटे कायमचे जातात. जुना प्रत्येक बोल्ट ज्याच्या-त्याच्या जागेच्या नावाच्या पिशवीत ठेवा. सुट्या भागांची फार काळजी नको. टीडी सुमारे तीस हजार बनल्या आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेला गेल्या, त्यामुळे त्यांचे भाग आजही नव्याने बनतात.

सातपूरकर

ॲम्बेसेडरचे इंजिन काढल्यावर त्याचे काय करणार आहात? विकायचे असेल तर मला कळवावे.

तपोवनकर

सर्वांचे आभार. मालकांनी अट मान्य केली आहे आणि बहिणीचे संमतिपत्र मागवले आहे. थोडी रक्कम विसार म्हणून देऊन करार होईल. सातपूरकर, नोंद पूर्ण होईपर्यंत ते इंजिन हलणार नाही, त्यानंतर बोलू. गाडी छप्पर गळणाऱ्या गॅरेजातून माझ्याकडे आताच आणायला मालकांची हरकत नाही. टोचन करून आणावी का? सागवान की ॲश, हेही अजून ठरलेले नाही.

वाड्याचा_वारस

सागवान.

घाटवळण

टोचन अजिबात नको आणि क्रेनही नको. सपाट ट्रकवर, चाकांना पट्टे बांधून आणा. पट्टा बॉडीवरून टाकू नका. डावा खांब गेलेला असल्यामुळे निघण्यापूर्वी दोन्ही दारे लावून घ्या आणि दोन्ही खांबांमध्ये आतून एक आडवी लाकडी फळी पक्की ठोकून घ्या. नाहीतर वाटेतल्या गतिरोधकांवर बॉडी पसरेल आणि मग सुताराला नमुना म्हणून दाखवायलाही मूळ माप उरणार नाही.