४८६ बोर्ड: फॅन फिरतो, पण बीप नाही, डिस्प्ले नाही

मानेवाडा_४८६:
जुना पीसी आहे: ४८६ डीएक्स२-६६ प्रोसेसर, एटी (जुन्या पद्धतीचा) पॉवर सप्लाय. फॅन फिरून राहिला, पण स्पीकर गप्प अन् मॉनिटर काळा. रॅम आणि व्हीजीए कार्ड बदलून झालं. कीबोर्ड सॉकेटजवळच्या बॅटरीभोवती हिरवट थर आहे. बोर्ड गेला समजू का?

सोल्डरवाला:
एवढ्यात नका समजू. आधी ती बॅटरी कापून काढा, तोवर चालू करू नका. ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम आहे; तिच्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं आणि सोल्डर मास्कच्या (बोर्डावरच्या संरक्षक लेपाच्या) खालून तांबं खात जातं. नागपूरच्या ४५ अंशांत माळ्यावर ठेवलेल्या बोर्डांत हे हमखास दिसतं. हातमोजे घाला. पांढरं व्हिनेगर ब्रशनं लावा, फसफस थांबली की डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूर्ण वाळल्यावरच वीज.

बर्डी_रिपेअर:
सप्लायही मोजून घ्या भाऊ. पी८-पी९ (सप्लायचे बोर्डात लागणारे दोन कनेक्टर) लावताना काळ्या तारा मधोमध, शेजारी-शेजारी. उलटं लावलं तर बोर्ड खरंच जाईल. लोड असताना लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. पी८ची पहिली तार, बहुधा नारिंगी, म्हणजे पॉवर गुड (सप्लाय ठीक आहे हा इशारा): चालू केल्यावर क्षणभरात ५ व्होल्टच्या आसपास यायला हवी. फॅन टिकून फिरतो म्हणजे टँटलम कपॅसिटर थेट शॉर्ट असण्याची शक्यता कमी. तसं असतं तर सप्लाय लगेच बंद पडला असता.

मानेवाडा_४८६:
साफ केलं. ५.०४ व्होल्ट, पॉवर गुड ४.९. आयसा स्लॉटमध्ये पोस्ट कार्ड (सुरुवातीच्या तपासणीचे कोड दाखवणारं) लावलं, त्यावर नुसत्या रेघा, रीसेटचा दिवा विझतच नाही.

सोल्डरवाला:
मग रॅमच्या मागे लागू नका, सीपीयू अजून सुरूच झाला नाही. रीसेट बटणाची वायर काढून पाहा. तरीही दिवा राहिला तर पॉवर गुडच्या पिनपासून चिपसेटकडे जाणारा ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची पट्टी) मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. पॉवर कनेक्टर बॅटरीच्या शेजारीच असतो, तुटायची जागा तीच. ट्रॅकवरचा मास्क खरवडून चकाकतं तांबं दिसेपर्यंत जा, मग ३० गेजच्या रॅप वायरनं जोडा. बर्डीत (सीताबर्डी बाजारात) सुट्या पार्टच्या दुकानांत विचारा.

बर्डी_रिपेअर:
दिवा विझूनही रेघाच राहिल्या तर कीबोर्ड कंट्रोलर चिप बघा. सीपीयूची एक रीसेट लाइन त्याच्यातून जाते, त्यामुळे त्याचा सॉकेट गंजला तरी बोर्ड मेल्यासारखा वागतो. बायोसची (सुरुवातीचा प्रोग्राम असलेली) चिपही काढून, पाय साफ करून, खाच जुळवून परत बसवा.